यजमान, पाहुणे आणि आपले सिंगापूर

गणेशोत्सव असो, कोजागिरी असो किंवा गुढीपाडवा, कार्यक्रमाची तारीख ठरली की पहिला प्रश्न येतो, "ट्रॅक मिळाला का?" तबलजी कधी मिळतो, कधी मिळत नाही. पेटीवाला मिळालाच तर त्याचे ऑफिसचे काम नेमके त्याच आठवड्यात टोकियोला निघते. मग कोणीतरी घरच्या संगणकावर तंबोरा, तबला, बासरी आणि व्हायोलिनचा ताफा उभा करून देतो आणि मुले त्यावर गातात, नाचतात. हे काम मी इथे बरीच वर्षे हौसेने करत आलो आहे. त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी विचारते, "अहो, हा तबला त्या सॉफ्टवेअरमध्ये आला कुठून?"

या प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत संपत नाही. त्यामागे तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासातली दोन ठळक पाने आपण राहतो त्या या छोट्याशा बेटावर लिहिली गेली, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून हा लेखप्रपंच.

मिक्सरचे भांडे आणि भिंतीतली पिन

आपण भारतातून इथे आलो तेव्हा प्रत्येकाने बॅगेत मिक्सर आणला. विजेचा दाब जवळपास सारखाच, पण भिंतीतल्या सॉकेटची भोके चौकोनी आणि आपल्या पिना गोल! मग मुस्तफामध्ये जाऊन अडॅप्टर आणला तेव्हा कुठे चटणी वाटली गेली. दुसरी गंमत भांड्याची. एका कंपनीचे भांडे दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर बसत नाही. मोटर चांगली आहे, भांडेही चांगले आहे, पण खाच जुळत नाही.

संगीताच्या सॉफ्टवेअरचेही अगदी असेच आहे. ज्यात आपण आवाज ध्वनिमुद्रित करतो, एकावर एक थर चढवतो, ते मुख्य सॉफ्टवेअर म्हणजे मोटर. त्याला या क्षेत्रात 'होस्ट' म्हणजे यजमान म्हणतात. त्यात बाहेरच्या कोणीतरी तयार केलेले वाद्य किंवा आवाज घुमवणारे, स्वच्छ करणारे साधन येऊन बसते, ते प्लगइन. आपण त्याला पाहुणा म्हणू. पाहुण्याला स्वतःचे घर नसते. यजमानाने दार उघडले, तरच त्याला आत येऊन काम करता येते. कुठल्या यजमानाने दार कधी उघडले आणि कधी बंद केले, हाच आपला आजचा विषय.

पहिले पान : पर्ल्स सेंटरमधले दुकान

१९८१ साली चायनाटाउनजवळच्या पर्ल्स सेंटरमध्ये सिम वाँग हू या तरुणाने संगणकदुरुस्तीचे छोटे दुकान थाटले. सोबत एनजी काय वा हा मित्र. सिम हे नी ॲन तंत्रनिकेतनचे विद्यार्थी आणि हार्मोनिका वाजवणारे कलावंत. संगणकाने नुसते 'टूँ' करू नये, त्याने गावे, बोलावे, हा त्यांचा ध्यास. त्यातून क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी उभी राहिली. १९८९ मध्ये त्यांचे साउंड ब्लास्टर कार्ड आले आणि मुक्या पीसीला कंठ फुटला. १९९२ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. तो मान मिळवणारी ती सिंगापूरची पहिली कंपनी.

आपल्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल पुढचे आहे. १९९३ मध्ये क्रिएटिव्हने कॅलिफोर्नियातली ई-म्यू ही सॅम्पलर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि १९९४ मध्ये 'एडब्ल्यूई ३२' हे कार्ड बाजारात आणले. त्यात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात आपले स्वतःचे नमुनेही भरता येत. त्यासाठी 'साउंडफाँट' नावाची फाइल ठरवण्यात आली. जसे अक्षरांचे वेगवेगळे फाँट, तसे आवाजांचे फाँट! ही फाइल कशी लिहायची याचा आराखडा प्रसिद्ध झालेला होता. त्यामुळे 'ना', 'तिन', 'धा', 'गे' हे बोल मायक्रोफोनवर घेऊन कोणालाही आपल्या तबल्याचा साउंडफाँट घरी बनवता येऊ लागला.

काटेकोरपणे पाहिले तर साउंडफाँट हे प्लगइन नव्हे. त्यात प्रोग्राम नसतो, फक्त आवाज आणि त्यांची मांडणी असते. पण "बाहेरच्याने आणलेले वाद्य आमच्या यंत्रात चालेल" हा विचार घराघरांतल्या साध्या पीसीवर त्यामुळे पोचला. मी २००० साली इथे आलो, तेव्हा सिम लिम स्क्वेअरमधून 'साउंड ब्लास्टर लाइव्ह' कार्ड घेतले. माझा पहिला संगणकी तबला त्यावर वाजला. चाट जरा पत्र्यासारखी वाजे, पण लहान मुलांच्या नाचाला तेवढे पुरे होते.

हॅम्बुर्गने उघडलेले दार

इकडे सिंगापुरात हे चालू असताना जगात दुसरीकडे काय घडत होते? १९९२ मध्ये इस्रायलच्या वेव्ह्ज या कंपनीने 'क्यू १०' नावाचे साधन विकायला काढले. आवाजातला जाड-बारीकपणा कमी-जास्त करणारे हे इक्वलायझर दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून काम करत असे. बाजारात विकले गेलेले पहिले ध्वनी-प्लगइन म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढे डिजिडिझाइनच्या प्रो टूल्समध्येही अशी साधने बसू लागली, पण त्या व्यवस्थेला खास प्रोसेसर कार्डे लागत आणि त्यांची किंमत मोठ्या स्टुडिओलाच परवडे.

खरी क्रांती केली ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने. १९९६ मध्ये तिने आपल्या क्युबेस या सॉफ्टवेअरमध्ये 'व्हर्च्युअल स्टुडिओ टेक्नॉलॉजी', म्हणजे व्हीएसटी, आणली. कुठलेही खास कार्ड नको, संगणकाचा स्वतःचा प्रोसेसरच सगळे गणित करील. शिवाय स्टाइनबर्गने प्लगइन कसे लिहायचे याचा संच इतरांना मोकळेपणाने दिला. आपल्या मिक्सरच्या भांड्याची खाच कशी आहे, याचे मापच जणू छापून वाटले. १९९९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि आता केवळ आवाज सुधारणारी साधनेच नव्हे, तर सबंध वाद्येच पाहुणी म्हणून येऊ लागली.

कंपनीने हे दानधर्म म्हणून केले नाही, हे उघड आहे. जितके पाहुणे जास्त, तितके घर नांदते, आणि तितका क्युबेसचा खप जास्त. पण त्याचा फायदा ज्यांना झाला त्यांत आपणही आहोत.

आपल्याला काय मिळाले?

इथे थोडे थांबून विचार करू. हॅम्बुर्ग किंवा बॉस्टनमधल्या कंपनीच्या कामांच्या यादीत तंबोरा कितव्या क्रमांकावर असेल? बहुधा नसेलच. या सॉफ्टवेअरची मूळ घडण पाश्चात्त्य संगीताची. सप्तकाचे बारा समान भाग, चार-चार मात्रांचे खाने. आपला झपताल दहा मात्रांचा, रूपक सात मात्रांचा आणि सम कुठे आहे याची सॉफ्टवेअरला दखलच नाही. मिडी या पद्धतीत प्रत्येक स्वराला ० ते १२७ पैकी एक क्रमांक मिळतो. दोन स्वरांच्या मधून घसरत जाणारी मींड काढायची, तर 'पिच बेंड' नावाच्या वेगळ्या सूचनेने ती ओढून आणावी लागते.

यजमानानेच सगळे करायचे असते, तर आपण आजही वाट पाहत बसलो असतो. पण दार उघडे असल्यामुळे ज्याला गरज होती किंवा आवड होती, त्याने ते बनवले. उदाहरणच द्यायचे तर स्वित्झर्लंडच्या स्वर सिस्टिम्सने 'स्वरप्लग' नावाने तबला, सतार, बासरी अशी भारतीय वाद्ये प्लगइनच्या रूपात आणली. छोट्या भाषेच्या, छोट्या समाजाच्या गरजा मोठ्या कंपनीच्या यादीत वर येत नाहीत. त्या भागतात त्या अशा तिसऱ्याच माणसाकडून. म्हणूनच हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही, तर आपलाही आहे असे मला वाटते.

आपल्या संगीताला तरी बाहेरचा पाहुणा कुठे नवा आहे? पेटी युरोपातून आली आणि आपल्या संगीत नाटकांनी ऑर्गनलाही रंगमंचासमोर मानाची जागा दिली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्या परक्या पेटीला मराठी गळ्याची साथ करायला शिकवले. पण त्याच पेटीवर आकाशवाणीने मार्च १९४० मध्ये बंदी घातली. आक्षेप हाच, की हिचे स्वर ठरावीक आहेत, हिच्यातून मींड निघत नाही. १९७१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, ते दार बंद होते आणि पुढे उघडले तेही अटी घालून. पाहुणा कितीही गुणी असला तरी आत घ्यायचे की नाही, हे यजमान ठरवतो.

उलट मिरजेचे पाहा. तिथले शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तंतुवाद्ये बनवायला घेतली आणि पंढरपूर परिसरातल्या भोपळ्यांपासून घडलेले मिरजेचे तंबोरे देशभर गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या तंबोऱ्याला कुठल्याही यजमानाची परवानगी लागत नाही. तारा लावल्या, जवारी काढली, की तो वाजतो. प्लगइनमधल्या तंबोऱ्याला हे भाग्य नाही. त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती असते. पुढची हकीकत त्याचीच आहे.

दारे बंद होऊ लागली

व्हीएसटी आले म्हणून सगळीकडे एकच पिन झाली असे नाही. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स पद्धत होती, प्रो टूल्सची स्वतःची होती. जुलै २००२ मध्ये ॲपलने लॉजिक बनवणारी ईमॅजिक कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. मॅकवर ॲपलची 'ऑडिओ युनिट्स' ही वेगळी पिन आली. एकाच वाद्याच्या तीन-चार आवृत्त्या बनवणे छोट्या कंपन्यांना जड जाऊ लागले. मग अडॅप्टर आले. खरोखरच एका पद्धतीचे प्लगइन दुसऱ्या पद्धतीच्या यजमानात बसवून देणारी सॉफ्टवेअर निघाली, आमच्या मुस्तफाच्या अडॅप्टरसारखी!

पुढे संगणकच बदलले. ३२ बिटचे युग संपून ६४ बिटचे आले. लॉजिकच्या २०१३ च्या आवृत्तीने ३२ बिटच्या पाहुण्यांना दार बंद केले. २०१९ मध्ये मॅकच्या 'कॅटलिना'मध्ये ३२ बिटची सॉफ्टवेअर चालेनाशी झाली. स्टाइनबर्गने २००८ मध्ये व्हीएसटी ३ आणली आणि २०१८ पासून जुन्या व्हीएसटी २ साठी नवे परवाने देणे थांबवले. ज्या कंपन्या तगल्या त्यांनी आपली प्लगइन नव्याने लिहिली. ज्या बंद पडल्या, किंवा जी एकट्या माणसाने हौसेने लिहिलेली होती, ती तशीच मागे राहिली.

दुसरे पान : सोनार वाचला

आता पुन्हा सिंगापूर. १९८७ मध्ये ग्रेग हेंडरशॉट यांनी अमेरिकेत, बॉस्टन परिसरात, केकवॉक हे सॉफ्टवेअर सुरू केले. पुढे २००१ मध्ये त्याचे 'सोनार' झाले. नाव वाचून आपल्याला सराफकट्टा आठवतो, पण संबंध पाणबुडीच्या सोनारशी! विंडोज वापरणाऱ्या हौशी संगीतकारांत ते फार लोकप्रिय होते. डायरेक्टएक्सबरोबर व्हीएसटीचे पाहुणेही त्यात सुखाने राहत. आधी रोलँड, मग २०१३ मध्ये गिटारवाली गिब्सन, असे मालक बदलले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने जाहीर केले की केकवॉकचे काम आता थांबवत आहोत.

या घोषणेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एक प्लगइन गेले तर एक वाद्य जाते. यजमान गेला तर घरच जाते. लोकांची तीस-तीस वर्षांची गाणी त्या सॉफ्टवेअरच्या फायलींमध्ये होती. विकत घेतलेली शेकडो प्लगइन त्यात बसवलेली होती. संगणक चालू आहे तोवर ठीक, पुढे काय?

फेब्रुवारी २०१८ मध्ये उत्तर आले ते सिंगापूरहून. बँडलॅब टेक्नॉलॉजीज या इथल्या कंपनीने केकवॉकची सर्व बौद्धिक संपदा विकत घेतली. या कंपनीचे संस्थापक कुओक मेंग रू. १९४६ पासून चालत आलेले 'स्वी ली' हे इथले वाद्यांचे दुकान त्यांनी २०१२ मध्ये घेतले होते आणि २०१५ मध्ये फोनवर व ब्राउझरमध्ये चालणारे बँडलॅब सुरू केले होते. त्यांनी केकवॉक नुसते वाचवले नाही, तर एप्रिल २०१८ मध्ये 'केकवॉक बाय बँडलॅब' या नावाने ते चक्क मोफत दिले. कालपर्यंत शेकडो डॉलर किमतीचे असलेले, व्हीएसटीच्या पाहुण्यांना पूर्ण दार उघडे ठेवणारे सॉफ्टवेअर कोणालाही मिळू लागले. योगायोग पाहा, त्यानंतर महिनाभरातच, मे २०१८ मध्ये, गिब्सनने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. वेळेवर खरेदी झाली नसती तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

२०२३ मध्ये बँडलॅबने 'केकवॉक सोनार' हे जुने नाव पुन्हा पुढे आणले, आणि २०२५ मध्ये त्याचीही मोफत आवृत्ती निघाली. आमच्यासारख्या हौशी मंडळींना याचे मोल फार आहे.

अकरा ओव्यांचा तंबोरा

हा सगळा इतिहास माझ्या घरात एकदा प्रत्यक्ष येऊन बसला. २००७ मध्ये माझ्या सासूबाई आमच्याकडे तीन महिने राहायला आल्या होत्या. दुपारी मुले शाळेत गेली की त्या जात्यावरच्या ओव्या म्हणत. इथे जाते नव्हते, पण हात फिरे तो तसाच. मी त्यांच्या अकरा ओव्या आणि भोंडल्याची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. खाली तंबोरा लावला तो एका छोट्या परदेशी कंपनीच्या प्लगइनचा, आणि भोंडल्याच्या गाण्यांना टाळ-ढोलकी. आई २०१५ मध्ये गेल्या.

काही वर्षांनी नवा संगणक घेतला आणि पत्नीने ती गाणी मागितली. फाइल उघडली. आईंचा आवाज होता, कारण माइकवरचा प्रत्येक आवाज वेगळ्या 'वेव्ह' फाइलमध्ये साठवला जातो. पण तंबोऱ्याच्या जागी "प्लगइन सापडत नाही" एवढीच सूचना. ती कंपनी केव्हाच बंद झाली होती. ढोलकीचे बोल कुठे पडायचे ते लिहिलेले होते, वाजवणारा मात्र नव्हता.

दुसरा तंबोरा बसवायला गेलो तर नवीच अडचण. आईंचा षड्ज ना काळी चारचा, ना पांढरी सहाचा. दोहोंच्या मधे कुठेतरी. जुन्या प्लगइनमध्ये किती अंशांवर स्वर लावला होता, ते त्या प्लगइनच्याच पोटात राहिले. शेवटी पत्नी शेजारी बसली, मी एकेक सेंट वर-खाली करत गेलो आणि एका क्षणी ती म्हणाली, "हं, आता आई गातेय." त्यात अख्खी संध्याकाळ गेली.

म्हणून एक विनंती

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी ध्वनिमुद्रणे असतील. मुलांचे बोबडे श्लोक, आजोबांचे अभंग, मंडळाच्या जुन्या नाटकांचे पार्श्वसंगीत. त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी आवर्जून कराव्यात.

एक, गाणे पूर्ण झाले की प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावा, अगदी तंबोराही. सगळ्या फायली शून्य सेकंदापासून सुरू कराव्यात, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतात. दोन, मिडीची फाइलही जोडीला ठेवावी. तीन, एका साध्या मजकूर फाइलमध्ये स्वर, ताल, लय, गाणाऱ्याचे नाव आणि तारीख मराठीत लिहावी. स्वर कमी-जास्त केला असेल तर किती सेंटने, तेही. चार, एक प्रत घरात आणि एक घराबाहेर असावी.

वेव्ह ही १९९१ पासूनची पद्धत आहे आणि ती उघडायला कुठल्याही पाहुण्याची गरज लागत नाही. ज्या पद्धतीचा आराखडा उघड असतो, ती टिकते. आमचा जुना साउंडफाँटच पाहा. ते कार्ड कधीच भंगारात गेले, पण त्यावरचा तो पत्र्यासारखा तबला आजही फ्लुइडसिंथसारखी मोफत सॉफ्टवेअर वाजवून दाखवतात! आता प्लगइनच्या दुनियेतही हे शहाणपण येत आहे. २०२२ मध्ये बिटविग आणि यू-ही या दोन जर्मन कंपन्यांनी 'क्लॅप' ही पूर्ण खुली पद्धत आणली, आणि २०२५ मध्ये स्टाइनबर्गनेही व्हीएसटी ३ चा संच खुल्या परवान्याखाली दिला. पिन सगळ्यांची एक होईल तेव्हा होवो, निदान तिचे माप तरी सर्वांना मिळाले.

पुढच्या पिढीने आपल्या आज्यांच्या ओव्या ऐकायच्या की नाही, हे एखाद्या दूरच्या कंपनीच्या नफा-तोट्यावर ठरू नये, एवढेच मला सांगायचे आहे. ज्यांच्याकडे न उघडणाऱ्या जुन्या फायली पडून आहेत, त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी मला जरूर गाठावे. एखाद्या रविवारी बसू. चहा तुमचा, अडॅप्टर माझा!